पाठीची वही

माझ्याकडे येणाऱ्या माणसांचे चेहरे माझ्या फारसे लक्षात राहत नाहीत. माणूस येतो, शर्ट खुंटीला अडकवतो आणि पालथा पडतो. पुढचा पाऊण तास माझ्यासमोर असते ती त्याची पाठ. त्यामुळे मिठबावच्या बाजारात कुणी समोरून येऊन "काय अनंता, बरो मा?" असं विचारलं की मी नुसताच हसतो. तो पाठ फिरवून चालू लागला की मग कळतं, अरे, हा डावा खांदा वर काढून चालणारा ट्रॉलरवरचा खलाशी, याच्या मानेखाली चामखीळ आहे, तिथे कप लावायचा नाही. तोवर तो लांब गेलेला असतो. लोकांना वाटतं, मी शिष्ट आहे. थोडा आहेही.

माझा धंदा मालिशचा आणि कप लावण्याचा. शहरातले लोक त्याला कपिंग म्हणतात आणि कालपरवाच काहीतरी नवीन निघाल्यासारखं बोलतात. आपल्याकडे ही गोष्ट जुनीच, तिला तुंबडी लावणं म्हणत. माझ्या लहानपणी शिंगं आणि तुंबड्या घेऊन फिरणारी माणसं गावात येत, दुखऱ्या जागी शिंग टेकवून तोंडाने हवा ओढून घेत. गोव्यातल्या हॉटेलांत अठरा वर्षं मालिश करून मी गावी परत आलो आणि खोली थाटली, तेव्हा पाटीवर 'तुंबडी' असंच लिहिणार होतो. पण तुंबडी लावणं याला मराठीत आणखी एक अर्थ आहे, लोकांना लुबाडणं, आणि तो धंद्याच्या पाटीवर शोभणारा नाही, हे माझ्या बायकोने, शालनने, वेळेवर लक्षात आणून दिलं. मग 'मालिश व कपिंग' असं लिहिलं. गावाने त्याचं 'कपवालो' करून टाकलं.

ज्यांनी हे पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. काचेचा लहान पेला घ्यायचा. चिमट्यात कापसाचा बोळा धरून तो स्पिरिटमध्ये बुडवायचा, पेटवायचा, पेल्यात क्षणभर फिरवून बाहेर काढायचा आणि तेल लावलेल्या पाठीवर पेला झटकन उपडा घालायचा. आतली हवा निवते, आकसते, आणि कातडी तव्यावरच्या भाकरीसारखी आत फुगून येते. दुसरा प्रकार प्लास्टिकच्या कपांचा. त्यांच्या डोक्यावर झडप असते, तिला हातपंप लावून हवा ओढायची. यात आग नाही, म्हणून म्हाताऱ्यांसाठी मी हेच वापरतो. पाच मिनिटं, फार तर दहा. काढताना कप ओढायचा नाही, कडेची कातडी अंगठ्याने दाबायची, हवा शिरली की तो आपोआप सुटतो. मागे राहतो गोल डाग, कधी गुलाबी, कधी जांभळा. तो आठवड्याभरात जातो.

डाग जितका काळा तितकं वाईट रक्त बाहेर आलं, असं लोक समजतात. तसं काही नसतं. कातडीखालच्या बारीक नसांतून थोडं रक्त आतल्या आत झिरपतं, साध्या भाषेत तो मुका मार. मग त्याने बरं कसं वाटतं, असं विचाराल तर त्याचं पुरतं उत्तर माझ्याजवळ नाही. पुष्कळांना मोकळं वाटतं, एवढं मी पाहिलं आहे. ज्याला काहीच वाटत नाही त्याला मी परत बोलावत नाही. गोव्यात मला शिकवणारे केरळचे गुरुजी होते. ते दोन गोष्टी रोज घोकून घ्यायचे. एक, कुणाला कप लावायचे नाहीत ते आधी विचार. दुसरी, कप लावल्यावर माणसाला सोडून उठायचं नाही. दारावर कुणी येवो, फोन वाजो, शेजारी बसून राहायचं. कधी कुणाला भोवळ येते, कधी कप जास्त ओढतो, आणि पालथ्या माणसाला स्वतःचं काही करता येत नाही.

शालन पूर्वी काजूच्या कारखान्यात बसायची. दिवसभर उकिडवं बसून काजूगर सोलणाऱ्या बायकांच्या कमरा कशा धरतात हे तिला कुणी शिकवायला नको होतं. माझ्याकडून ती कप लावायला शिकली. खोलीत मध्ये पडदा टाकला, अलीकडे मी पुरुषांना, पलीकडे ती बायकांना. पडद्यापलीकडून इतक्या गप्पा ऐकू यायच्या की माझी गिऱ्हाइकं पालथी पडल्या पडल्या कान देऊन ऐकायची. माझ्या बाजूला सगळं शांत. मी दारातच ठरलेले प्रश्न विचारायचो. बीपी आहे? साखर आहे? रक्त पातळ करायची गोळी चालू आहे? कधी ऑपरेशन? शालन म्हणायची, "पोलीस पण असा विचारणत नाय. माणसाक जरा बसूक तरी देवा."

पाठीची वही तिचीच कल्पना. दोनशे पानी वही, प्रत्येक गिऱ्हाइकाला एक पान. पानावर पेन्सिलीने पाठीचा आकार, वर कळशीच्या गळ्यासारखी मान. ज्या दिवशी जिथे कप लावला तिथे एक गोल आणि शेजारी तारीख. पुढच्या वेळी वही आणि पाठ शेजारी शेजारी ठेवून बघायचं. जुना डाग गेला नसेल तर त्या जागी कप नाही. मी सुरुवातीला तिची थट्टा केली, म्हटलं, तलाठ्याला सातबारा ठेवायला इतकी मेहनत पडत नसेल. पण सहा महिन्यांत वहीशिवाय माझं पान हलेना. संध्याकाळी खोली झाडून झाली की मी आठवून सांगायचो आणि ती पुरुषांची पानंही भरायची.

एकदा त्या वहीने आणि एका कपाने मिळून एक लग्न वाचवलं. आंब्याचा टेम्पो चालवणारा एक मुलगा मांडव घालून घालून आखडला, म्हणून लग्नाच्या तीन दिवस आधी माझ्याकडे आला. मी सात कप लावले. हळदीच्या दिवशी त्याला पाटावर उघडा बसवला तर पाठीवर सात जांभळे गोल. उष्टी हळद न्यायला नवरीचा मामा आला होता. तो म्हणाला, "पोराक कसलो रोग आसा? आमका आधी कित्याक नाय सांगलात?" मांडवात कुजबुज सुरू झाली. माणूस धावत मला बोलवायला आला. मी कपांची पेटी आणि वही घेऊन गेलो, सात गोलांचं पान दाखवलं. मामाला ते पटेना. शेवटी त्याचाच हात धरून दंडावर एक कप लावला. पाच मिनिटांनी काढला तर तसाच गोल, मापाला माप. मामा तो दंड मांडवभर दाखवत फिरला आणि पुढच्या आठवड्यात माझ्याकडे पाठ घेऊन आला. तेव्हापासून माझ्या प्रश्नांत एक भर पडली, जवळपास कुणाची हळद आहे का. शालन ही गोष्ट बायकांना सांगताना इतकी हसायची की पडदा हलायचा.

दुसरा एक प्रसंग मी स्वतः अभिमानाने सांगत असे. एक धडधाकट खलाशी घाम पुसत आला, डावा खांदा आणि हात भरून आलाय, चार कप ठोक म्हणाला. जाळं ओढणाऱ्याचा खांदा दुखणारच. पण त्याचा रंग मला बरा दिसेना. मी त्याला टेबलावर चढू दिलं नाही, रिक्षात घातलं आणि तालुक्याच्या गावी डॉक्टरांकडे नेलं. हृदयाचा झटका होता. तो वाचला. अजून दर होळीला नारळ घेऊन येतो. या प्रसंगाने माझी मान जरा ताठ झाली. आपल्याला नाही म्हणता येतं हेच आपलं खरं कसब, असं मी मानू लागलो, आणि नाही म्हणताना आवाज जरा चढवूही लागलो. नियम पाळणारा माणूस चुकत नाही, अशी माझी समजूत होती.

शालनला जाऊन सहा वर्षं झाली. हृदयाच्या झडपेचं दुखणं, दोन वर्षं गोळ्यांवर काढली आणि गेली. तिच्यामागे बायका यायच्या बंद झाल्या, त्या माझ्याकडे कशाला येतील. पडदा तसाच आहे. पलीकडचं टेबल मी दर शनिवारी पुसतो. मूलबाळ आम्हाला नाही. दिवसाकाठी पाच-सात पाठी होतात, आंब्याच्या दिवसांत दहा. लांब काठीचा झेला धरून वर बघत बघत आंबे काढणाऱ्यांच्या माना, पेट्या उचलणाऱ्यांच्या कमरा. दिवसभर माझे हात माणसांच्या अंगावर असतात, आणि संध्याकाळी खोलीला कुलूप लावलं की दुसऱ्या दिवसापर्यंत मला कुणी हात लावत नाही. ही तक्रार कुणाकडे करायची, आणि कोणत्या तोंडाने? मालिशवाल्यालाच मालिश हवी, हे ऐकून लोक हसतील.

शालन असताना गुरुवारी संध्याकाळी ती मला कप लावायची. वहीत माझ्याही नावाचं पान आहे. स्वतःच्या गुडघ्यावर, दंडावर कप लावता येतो. स्वतःच्या पाठीवर येत नाही. मी प्रयत्न केला आहे.

आता गजाकाकांबद्दल.

गजाननकाका आमच्याच वाडीतले, पंचाहत्तरी ओलांडलेले. तीस वर्षं ट्रॉलरवर इंजिन सांभाळलं. बायको वारली, मुलगा डोंबिवलीला, मुलगी पुण्याला. शालन होती तेव्हापासून ते दर गुरुवारी सकाळी दहा वाजता यायचे, हातात अळूची जुडी नाहीतर दोन शहाळी. मी विचारायचो, "काका, खंय दुखता?"

"खंयय लाव. पाठ तुझीच समज."

"तेलाचो हात मारू?"

"तेल नको. कप लाव."

कातडी पातळ झालेली, म्हणून मी त्यांना प्लास्टिकचे तीन-चार कप, तेही हलक्या ओढीचे, लावायचो आणि शेजारी स्टुलावर बसायचो. ते पालथ्यानेच बोलत राहायचे. वादळात बंद पडलेलं इंजिन, विजयदुर्गच्या खाडीत काढलेली रात्र, डिझेलच्या वासाने न जेवणारा बोटीचा प्रमुख, तांडेल. त्याच त्याच गोष्टी. मी हुं हुं करायचो. खरं सांगायचं तर माझं अर्धं लक्ष घड्याळाकडे असायचं.

मागच्या वर्षी पाऊस संपता संपता वही बघताना मला जाणवलं की काकांचे डाग जात नाहीत. आधीच्या गुरुवारचे गोल तसेच काळे, त्याच्याही आधीचे पिवळट होऊन मागे. मी विचारलं, "काका, रक्त पातळ करूची गोळी चालू आसा?"

"नाय रे."

"डॉक्टरान काय नवीन दिल्यान नाय मा?"

"नाय म्हटलंय मा."

मी नवी जागा शोधून फक्त दोन कप लावले, अगदी हलके. काढले तर एका जागी रक्ताचा फोड, आणि बघता बघता त्याच्याभोवती तळहाताएवढी जागा निळी पडत गेली. काका म्हणाले, दुखत नाही, आणि शर्ट घालून चालू लागले. मला दिवसभर चैन पडेना. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. ते पडवीत भांडं घासत होते. मागे खिडकीत, दाढीच्या सामानाशेजारी, गोळ्यांची पट्टी होती. ती मला वाचायची गरज पडली नाही. तशीच पट्टी दोन वर्षं शालनच्या उशाशी होती.

मी त्यांना रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी तपासलं, फोड बांधला. धोका टळला, पण यापुढे कप बंद, असं बजावलं. चार महिन्यांपासून गोळी चालू होती. मला परतीच्या रिक्षात राग आवरेना. मी म्हटलं, "काका, माका खोटा सांगलात. काय झाला असता म्हणजे? माझ्या टेबलार काय झाला असता म्हणजे?"

काका बाहेर बघत होते. म्हणाले, "खरा सांगलंय असता, तर तू माझ्या पाठीक हात लावलो असतस?"

"नाय."

"मगे?"

त्या 'मगे'ने मी आणखी चिडलो. त्यांच्या दारात रिक्षा थांबवून म्हणालो, "आता माझ्याकडे येव नकात." रिक्षावाला समोरच्या आरशातून बघत होता, तरी म्हणालो.

ते उतरले, काठी सावरली आणि म्हणाले, "बरां."

इतकंच. नियमाप्रमाणे माझं काही चुकलं नव्हतं. पण तो 'बरां' मला पुढे कितीतरी दिवस ऐकू येत होता. गुरुवारी दहा वाजता मी दुसऱ्या कुणाला वेळ देत नव्हतो, आणि ते मी मुद्दाम करतोय हे स्वतःशी कबूलही करत नव्हतो. देवळात काका दिसले की मीच बाजूच्या वाटेने जायचो. कप नको, पण पायाला तेलाचा हात चालला असता, नाहीतर नुसतं बोलावून चहा पाजता आला असता, एवढी साधी गोष्ट मला पाच-सहा महिने सुचली नाही.

मग आंब्याचे दिवस आले आणि माझाच उजवा खांदा धरला. बत्तीस वर्षं दुसऱ्याच्या पाठी दाबल्यावर तो कधीतरी धरणारच होता. हात कानापर्यंत वर जाईना, पंचाईत अशी की शर्ट काढताना मी त्यातच अडकून पडायचो. डॉक्टरांनी व्यायाम सांगितले, आठ दिवस गिऱ्हाईक बंद ठेवायला सांगितलं. एका दुपारी मी आरशाकडे पाठ करून डाव्या हाताने खांद्यामागे कप लावायचा खटाटोप केला. एक कसाबसा तिरका चिकटला. पंप काढेपर्यंत सुटून खाली पडला आणि घरंगळत पडद्याखालून पलीकडे गेला. तो आणायला मी शालनच्या बाजूला गेलो आणि तिच्या टेबलावर बसून राहिलो. तिथेच खणात तिच्या वेळच्या जुन्या वह्या होत्या.

मी माझं पान काढलं. शेवटचे पाच गोल, तिच्या हातचे. मग सहज उलटत गेलो. तिने समासात बारीक अक्षरात काहीबाही लिहिलेलं असायचं हे मला माहीत होतं, पण मी कधी ते वाचलं नव्हतं. मला गोलांशी काम. 'मुलगी नापास, म्हणून झोप नाही.' 'सुनेशी बोलत नाहीत.' 'पाठ नाही, चप्पल खराब.' माझीच गिऱ्हाइकं, बाहेर बाकावर वाट बघत असताना तिच्याशी बोललेली. गजाकाकांच्या पानावर तिने लिहिलं होतं, 'दुखत काही नाही. कप लावले की हे शेजारी बसतात, म्हणून येतात. बसू दे.'

हे म्हणजे मी.

त्या टेबलावर बसून मला आणखी एक गोष्ट आठवली, जी मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. शालनला गोळ्या सुरू झाल्या त्या दिवशी मी तिचे कप बंद केले. ते बरोबरच होतं. पण गुरुवारी तिने मला लावायचे आणि रविवारी मी तिला, अशी आमची वहिवाट होती. तिचा रविवार मी बंद केला आणि त्या जागी काहीच ठेवलं नाही. रविवारी मी गिऱ्हाइकं घेऊ लागलो. तिने मात्र माझा गुरुवार शेवटपर्यंत चालू ठेवला, धाप लागत असताना ठेवला. ती मला एकदाही म्हणाली नाही की कप राहू देत, नुसते बसा. म्हणाली असती तरी मला कळलं असतं की नाही, देव जाणे. माझी चूक झाली, आणि ती दुरुस्त करावी तर आता शालन नाही.

दुसरा दिवस गुरुवार होता. दहा वाजता मी कपांची पेटी आणि ती जुनी वही घेऊन गजाकाकांच्या पडवीत उभा राहिलो. ते खुर्चीवर बसून काठीच्या टोकाने कोंबडी हाकत होते. मला बघून म्हणाले, "इलंस?" जसा काही मी गेल्या गुरुवारीही आलो होतो.

"काका, माझो खांदो धरलो हा. कप लावशात?"

"माका खंय येता?"

"तीस वर्सां इंजिन सांभाळलात, ह्यो एवढोसो पंप जमाचो नाय?"

त्यांनी पंप हातात घेतला, दांडा दोनदा ओढून बघितला, झडप बोटाने तपासली आणि म्हणाले, "वायसर ढिलो आसा ह्येचो." माझ्या अठरा अधिक चौदा वर्षांच्या अनुभवाला वायसर ढिला आहे हे कळलं नव्हतं. मी शर्ट काढू लागलो आणि नेहमीसारखा त्यात अडकलो. काकांनी काठी भिंतीला टेकवून माझा हात बाहीतून सोडवला. मी पडवीतल्या बाकावर पालथा पडलो.

त्यांचा हात थंड होता आणि खरखरीत. आधी तो पाठीवर नुसताच ठेवला, कुठे ऊब आहे ते बघितल्यासारखा. सहा वर्षांनी माझ्या पाठीवर माणसाचा हात पडला. माझे डोळे भरून आले आणि मी ते भरू दिले. पालथ्या माणसाचा चेहरा कुणाला दिसत नाही, ही आमच्या धंद्यातली मोठी सोय आहे.

पहिला कप त्यांनी बरोबर लावला. दुसरा मणक्याकडे सरकला. मी म्हटलं, "काका, मणक्यार नको."

"गप रव मेल्या. इंजिनान माका कधी अक्कल शिकवूक नाय."

पण कप बाजूला घेतला. चार झाल्यावर ते खुर्ची ओढून माझ्या डोक्याशी बसले. कोंबडी परत पडवीत आली, या वेळी त्यांनी ती हाकली नाही. मग त्यांनी विजयदुर्गच्या खाडीची गोष्ट काढली. ती मी पन्नास वेळा ऐकली होती, पण इंजिन बंद पडल्यावर बोटीवर कोण कोण होतं आणि त्यातलं आता कुणी उरलं नाही, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. मधेच मी सवयीने म्हटलं, "काका, पाच मिनटां झाली. काढा आता."

"तुका खंय जावचा आसा?"

मला कुठेही जायचं नव्हतं.

"तुमका कामा आसतली, म्हणान म्हटलंय," मी म्हणालो.

"कप लावल्यार उठाचा नाय, तूच सांगतंस मा सगळ्यांका? म्हणान बसलंय."

त्यांनी सात-आठ मिनिटांनी कप काढले, अंगठ्याने कड दाबून, अगदी शिकल्यासारखे. इतकी वर्षं ते पालथे पडून माझे अंगठे मोजत होते की काय कोण जाणे. मी वही पुढे केली. चष्मा लावून त्यांनी माझ्या जुन्या पानावर, शालनच्या पाच गोलांच्या खाली, चार गोल काढले. शालनचे गोल बांगडीसारखे गोल असायचे. काकांचे अंड्यासारखे लांबट आले. खांदा त्या दिवशी काही फार सुटला नाही, व्यायामाने पुढे दोन महिन्यांत हळूहळू सुटला. निघताना मी रिक्षातल्या बोलण्याबद्दल काहीतरी बोलू लागलो. त्यांनी हात हलवला आणि पुढच्या वेळी वायसर आणून ठेवतो म्हणाले.

आता दर गुरुवारी मी दहा वाजता त्यांच्याकडे जातो. आधी त्यांच्या पायांना खोबरेल लावतो, ते डॉक्टरांना विचारून. मग ते माझा शर्ट वर करून पाठ बघतात. डाग पुरता गेल्याशिवाय त्या जागी कप नाही, हा नियम मीच त्यांना शिकवला, आणि ते तो माझ्याहून कडक पाळतात. वही उघडून मांडीवर घेतात, चष्मा वर-खाली करतात, पाठीवर बोट ठेवतात. पुष्कळदा तिथे काहीच नसतं. मला दिसत नसलं तरी आठवड्यात डाग जातो हे मला त्यांच्याहून चांगलं माहीत आहे.

"हय अजून काळा दिसता," काका म्हणतात. "आज नको."

मी शर्ट खाली करतो. ते वही मिटतात, खुर्ची बाकाजवळ ओढतात, आणि आम्ही दोघं तसेच बसून राहतो.